डाव्या खुब्यातला क्लंक

२९ फेब्रुवारी २००४, रविवार

सई आज वीस दिवसांची. झोप : मला तीन तास, आईला दोन, प.ला आठ. शेजारी एवढा भोंगा वाजत असताना पराग झोपतो कसा, देव जाणे.

सकाळी मालिश करता करता आई मधेच थांबली. सईचा डावा पाय दुमडून बाहेर नेला, आत आणला, परत बाहेर. "वृंदे, इकडं ये. हात ठेव इथं." मांडीच्या वर, खुब्यापाशी. आधी काहीच कळलं नाही. मग लागलं. कानाला नाही, बोटांना.

"पोरांचे सांधे कट् कट् वाजतात, ते निराळं," आई म्हणाली. "हे आत डुब्‌कन सरकतंय."

आईच्या हातावर माझा विश्वास आहे. साताऱ्याला आमच्या आख्ख्या आळीतली पोरं तिच्या पायांवर आंघोळ करून मोठी झालीत.

प. म्हणाला, नवीन बाळाचे सांधे सैलच असतात. कुठे वाचलंस? म्हणे, असंच.

असंच!

मंगळवारी हेल्थ व्हिजिटर येतेय. विचारणार.


२ मार्च, मंगळ

हेल्थ व्हिजिटर म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतीण बघून जाणारी नर्स. आमची मॉरीन. बाई गोड, वेळ वाईट. आईने नेमकी ओव्याची धुरी दिली होती, स्मोक अलार्म किंचाळत होता, प. खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होता आणि आई विचारत होती, "ह्या घराला धूरबी चालत नाही होय?" त्यात ही बेल वाजवून आत.

वजन छान. डाव्या पायाचं सांगितलं. काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडाला आलं ते बोलले, "देअर इज अ क्लिक." ती हसली. "लॉट्स ऑफ बेबीज आर क्लिकी, लव्ह." जन्मल्यावर हॉस्पिटलात बघितलंय, बाळाच्या नोंदीच्या लाल पुस्तकात टिक आहे. सहा आठवड्यांनी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, परत बघेल.

आई : काय म्हणाली?
मी : काही नाही म्हणाली.
आई : हात लावला का तिनं?

नव्हता लावला.


५ मार्च, शुक्र

सई झोपलीय, कपडे धुवायचेत, तरी हे आधी लिहिते.

अडीच वर्षं मी या गावात पगार घेऊन गाड्यांची दारं आपटतेय. दार लागताना येणारा आवाज चांगला करायचा, हेच काम. पुण्यात इंजिनाचे आवाज कमी करत होते, बर्मिंगहॅमला येऊन दारांवर आले. सासूबाई अजून लोकांना सांगतात, सून 'गाड्यांत' आहे.

आमच्या लॅबमध्ये क्लंक हा देवाचा शब्द. गिऱ्हाईक शोरूममध्ये जातं, इंजिन बघत नाही, दार उघडतं, लावतं. भरीव क्लंक आला की खूष. क्लिक आला तर पत्र्याचा डबा म्हणून नाक मुरडतं. पण तोच क्लंक चाकाखालून आला की तक्रार. भंगार गाडीला क्लंकर म्हणतात. आणि गॅरीने, म्हणजे माझ्या मॅनेजरने, पहिल्या वर्षी माझ्या रिपोर्टला 'अ बिट क्लंकी' म्हटलं होतं. डिक्शनरी उघडून बघितलं, अर्थ ओबडधोबड, आणि टॉयलेटमध्ये जाऊन रडले. महिनाभर आधी माझ्याच दाराचा क्लंक ऐकून हाच माणूस टाळ्या वाजवत होता.

तर अशी ही क्लंकवर पोट भरणारी बाई मंगळवारी 'क्लिक' म्हणून बसली. बोटांना लागलं ते जड होतं, खालच्या पट्टीतलं. हा आवाज दुसऱ्या कुणी लॅबमध्ये क्लिक म्हणून नोंदवला असता तर मी त्याला सोडलं नसतं.


१२ मार्च, शुक्र

आज परत लागलं. काल नाही, परवा दोनदा. सई गाढ सैल पडली असेल तरच लागतं. भुकेली असली, चिडली, पाय ताणले, की काही नाही.

आईचं वेळापत्रक पक्कं. इथल्या बाथरूममध्ये खाली कार्पेट, मोरी नाही, म्हणून ती टबातच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसते, साडी खोचून, पाय लांब करून, पायांवर सई. मी वरून पाणी घालायचं. मग पावडर, मग दुपटं. दोन्ही पाय सरळ ताणून, जुळवून, घट्ट गुंडाळी. "आत्ताच सरळ बांधले नाहीत तर पोर फेंगडं चालंल." गुंडाळली की चार तास हूं की चूं नाही. दुपट्याचा शोध लावणाऱ्या बाईचे पाय धरायला हवेत.

लॅबमधला छोटा व्हायब्रेशन सेन्सर आणून खुब्यावर चिकटवावा असं मनात आलं. प.ला बोलले. "तिला दार समजतेस का तू?"

बरोबर आहे त्याचं. तरी राग आला.


२१ मार्च, पाडवा

गुढी बेडरूमच्या खिडकीत, पडद्याच्या दांडीला. कडुलिंब नाही, आईने मेथीदाणे वाटून दिले. प.ने तोंड वाकडं केलं, आईने आणखी एक चमचा दिला.

परवा जीपीकडे सहा आठवड्यांची तपासणी. मुद्दे लिहिलेत : डावा, दुमडून बाहेर नेताना, बाळ सैल असताना. आणि शब्द : क्लंक. प. म्हणाला, "तू डॉक्टरला डॉक्टरकी शिकवायला जाऊ नकोस हं." म्हटलं, शिकवायला नाही, सांगायला.


२३ मार्च, मंगळ

काहीही झालं नाही.

डॉक्टर तरुण, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. तिला इथे डॉ. ई. म्हणते. खोली गार, कागद घातलेलं टेबल गार, तिचे हात गार. सईने जो टाहो फोडला तो बाहेर रिसेप्शनपर्यंत. पाय लाकडाचे. मी क्लंक म्हटलं तेव्हा तिने मान वर करून बघितलं, परत प्रयत्न केला. मनापासून केला, खोटं का बोलू. "आय कॅन्ट फील एनिथिंग." टिक. काळजी वाटली तर परत या म्हणाली.

प. : झालं समाधान?
मी : नाही.

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. तिने विचारलंच नाही. कळलं तिला.


२७ मार्च, शनि

डेरेक येऊन गेला. आमचा टेक्निशियन, साठीचा, तीस वर्षं दारं आपटतोय. सईसाठी कापडी हत्ती, माझ्यासाठी लॅबमधली सगळी चहाडखोरी.

तो यायच्या आधी त्याची गाडी आली. आमच्या गल्लीत ते वेग कमी करायचे उंचवटे आहेत, प्रत्येकावर खाली 'क्लंक'. किचनमधूनच ऐकलं. दार उघडत म्हटलं, "पुढचं चाक, डावीकडचं." म्हातारा जाम खूष. "बॉल जॉइंट," म्हणाला. आणि मग टेबलावरची वाटी घेऊन, मुठीने करून दाखवलं. गोळा वाटीत सैल झालाय. चाक खाली गेलं की गोळा वाटीतून उचलला जातो. वजन आलं की परत आत बसतो. क्लंक म्हणजे तो आत बसल्याचा आवाज.

माझ्या हातात किटली. म्हटलं, डेरेक, म्हणजे क्लंक आला तेव्हा तो जागेवर गेला?
हो.
मग त्याआधी तो जागेवर नव्हता.
"वेल, नो, लव्ह. दॅट्स द ट्रबल."

शाळेत घोकलेलं : खांदा आणि खुबा, उखळीचा सांधा. गोळा आणि उखळी. माझ्या पोरीच्या खुब्यातला गोळा उखळीतून बाहेर जातोय, आणि परत बसतो तेव्हा आईच्या बोटांना लागतोय. एवढी साधी गोष्ट. महिना गेला. महिना!

डेरेकला चहा बिनसाखरेचा दिला मी, तो तसाच प्यायला. मग सांगितलं सगळं. त्याने वाटी खाली ठेवली. "यू गो बॅक देअर मंडे मॉर्निंग," म्हणाला.


२९ मार्च, सोम

आठला दवाखान्याची फोन लाइन उघडते. सात एकोणसाठपासून डायल. आठ सतराला लागला. रिसेप्शनवाली म्हणाली, दोन आठवड्यांनी वेळ मिळेल. म्हटलं, डॉक्टरांनी काळजी वाटली तर या म्हटलंय, मला काळजी वाटतेय, मी येऊन दारात बसू का? बाई थोडी गडबडली. बुधवार, ११.१०, तीच डॉक्टर.

प.ला संध्याकाळी सांगितलं. वाटी-मूठ करून दाखवली. या वेळी 'असंच' नाही म्हणाला. पण "तिला परत काही लागलं नाही तर?" म्हणाला.

मलाही तीच भीती.

आई कणीक मळत होती, न वळता म्हणाली, "मला घेऊन चल."


३१ मार्च, बुध

घडलं तसं लिहिते.

आईने निघताना खोबरेल तेलाची छोटी बाटली ब्लाउजमध्ये खोचली, थिजू नये म्हणून. साडी, वर माझं विंटर जॅकेट, पायात प.चे मोजे. बसमध्ये सईला पाजलं. उशिरा पाजलं मुद्दाम, तिथे पोचेपर्यंत पेंगत राहावी म्हणून. ही आईचीच अक्कल.

आत गेलो. डॉ. ई. टेबलाकडे हात दाखवायच्या आतच आई खुर्चीवर बसली, मांडीवर दुपटं, दुपट्यावर सई. मी इंग्रजीत सुरुवात करत होते. आई म्हणाली, तू गप्प बस जरा.

तेल हातावर घेऊन चोळलं. पोट, छाती, मांड्या, तळवे. रोजचंच, रोजच्यासारखंच गुणगुणत. डॉक्टरकडे बघतसुद्धा नव्हती. घड्याळात चार मिनिटं गेली, आमच्या वाट्याची दहा. सईचं तोंड उघडं, हात पडलेले, पाय लोण्यासारखे. मग आईने डॉक्टरच्या हाताकडे बोट केलं आणि स्वतःचे हात एकमेकांवर घासून दाखवले. ऊब आण म्हणून. त्या पोरीने आणली! मग आईने तिचं मनगट धरून हात सईच्या मांडीवर ठेवला, बोटं नेमकी खुब्यावर. "इथं. इथं ठेव, बाळ. जोर नको." मी भाषांतर करायचं विसरले, गरजही नव्हती.

आईने पाय दुमडला. बाहेर नेला.

डॉक्टर म्हणाली, "ओह."

मग आईचा हात काढून स्वतः केलं. परत "ओह", पण खालच्या आवाजात. तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन लावला, एक हात सईच्या पोटावर ठेवूनच. खुब्याचा अल्ट्रासाउंड, तातडीने, पुढच्या गुरुवारी. आम्ही उठलो तेव्हा म्हणाली, "थँक यू फॉर कमिंग बॅक."

बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, बाळ म्हणालीस तू तिला. "मग काय म्हणायचं? केवढीशी तर हाय."

बस येईपर्यंत स्टॉपवर रडून घेतलं. आईने सईला घेतलं आणि मला जॅकेटच्या खिशातला रुमाल दिला.


८ एप्रिल, गुरु

स्कॅन. डावा खुबा : उखळी उथळ, गोळा बाहेर सरकतो. उजवा ठीक.

मोठे डॉक्टर उंच, पांढऱ्या भुवया, घाई नाही. आठ आठवड्यांत सापडलं हे चांगलं म्हणाले. चालायला लागल्यावर सापडलं असतं तर ऑपरेशन, प्लास्टर, महिनोन्‌महिने. आता हार्नेस. पट्ट्यांचा साज, दोन्ही पाय दुमडून बाजूला उघडे ठेवतो, म्हणजे गोळा उखळीत दाबून राहतो आणि उखळी त्याच्याभोवती खोल होते. बारा आठवडे तरी. दिवसरात्र. आंघोळ नाही, मालिश नाही. दर आठवड्याला पट्टे बघायला यायचं. दहांतली आठ-नऊ बरी होतात. सगळी? सगळी नाही. नाही झाली तर ऑपरेशनचं बोलू.

मग विचारलं, बाळाला गुंडाळता कसं?

दाखवलं. आईनेच दाखवलं, उत्साहाने, दुपटं बरोबर होतंच. पाय सरळ, जुळवून, घट्ट.

ते म्हणाले, हे करू नका. सैल खुब्याला पाय सरळ बांधणं वाईट, गोळा बाहेर ढकलला जातो. दुपट्यामुळेच झालं असं नाही, पण दुपट्याने मदतही केली नाही. आणि विचारलं, हे सापडलं कुणाला? माय मदर, म्हटलं. "टेल हर शी हॅज व्हेरी गुड हॅन्ड्स."

मी दोन्ही वाक्यं मराठीत सांगितली. आईने पहिलंच ऐकलं.


९ एप्रिल, शुक्र

गुड फ्रायडेची सुट्टी. सगळं बंद. सई उताण्या बेडकासारखी पाय फाकून, लालबुंद होऊन रडतेय.

आईने सगळी दुपटी धुऊन, घडी करून तिच्या बॅगेत तळाशी ठेवली. नऊ होती. साताऱ्याहून शिवून आणलेली.

जेवली नाही.


१२ एप्रिल, सोम

"मला तिकीट काढून दे. माझं इथं काय काम आता? मालिश नाही, आंघोळ नाही. आणि मीच पोरीचा पाय..."

पुढचं तिला बोलवेना.

मी चिडले. चांगलीच चिडले, बाळंतपणाच्या दोन महिन्यांतलं सगळं बाहेर निघालं. म्हटलं, तू बांधलंस आणि मी हौसेने फोटो काढले, मग मीही जाऊ का? ती फेंगडी होऊ नये म्हणून तू बांधलंस, आता डॉक्टर मुद्दाम फेंगडी बांधतायत, कुणाला कळत होतं? तू हात लावला नसतास तर ही लंगडायला लागल्यावर कळलं असतं मला. ज्या हाताने बांधलं त्याच हाताने सापडलं. बस इथे. तिकीट जुलैचं आहे, जुलैलाच जायचं.

आई उठून सईपाशी गेली. "ह्या पट्ट्यांतनं लंगोट बदलायचा कसा, ते तरी दाखव."

प. दारात उभा होता. चहा करतो म्हणाला. केलासुद्धा.


५ मे, बुध

आईने जुन्या सुती साडीचे झबल्यासारखे फ्रॉक शिवलेत, खालून हे एवढे घेरदार, हार्नेसवरून सहज जातात. क्लिनिकमध्ये एका बाईने विचारलं, कुठे मिळतात? आईने मान हलवली, दुसऱ्या दिवशी दोन शिवून ठेवले.

बसमध्ये एक बाई म्हणाली, ओह पुअर थिंग, काय झालं? रोज कुणीतरी विचारतं. मी आता गाडीचं उदाहरण देते. बॉल जॉइंट. पुरुषांना लगेच कळतं.

मालिशला आईने पळवाट काढली. हार्नेसच्या बाहेर जे आहे ते : तळहात, कान, कपाळ. दिवसातून दोनदा, पंधरा पंधरा मिनिटं. सईचे कान चकाकतात.


२० मे, गुरु

स्कॅन. गोळा आत. पण उखळी अजून उथळ, हवी तेवढी भरलेली नाही. हार्नेस चालू. मला एवढ्यानेच नाचावंसं वाटलं. मोठ्या डॉक्टरांनी भुवई वर केली, "नॉट येट."

प.ने सुट्टी काढली होती. स्क्रीनकडे बघत बसला. पार्किंगमध्ये म्हणाला, "मी 'असंच' म्हणालो होतो."

बोलायचं खूप होतं. पण त्याने सईला इतक्या जपून सीटमध्ये बसवलं, पट्टे सांभाळत, की राहू दिलं.


१४ जून, सोम

गॅरीचा फोन. कधी येतेस? सप्टेंबर म्हटलं. म्हणाला, नवीन दार आलंय, कुणालाच क्लंक जमत नाही. तुला मिस करतोय. म्हटलं, गॅरी, सध्या माझ्याकडे एक क्लंक आहे, तो घालवायचाय. हसला बिचारा, त्याला वाटलं विनोद केला.

डेरेकने बॉल जॉइंट बदलून घेतला. फोनवर सांगत होता, उंचवट्यावरून जातो आणि काही होत नाही, चुकल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मला तसं चुकल्यासारखं वाटू दे एकदा.


२ जुलै, शुक्र

रोज एक तास हार्नेस काढायची परवानगी! एकच तास. आणि ताकीद : पाय सरळ ओढायचे नाहीत, दुमडून तपासायचं नाही, खुबा हलवून बघायचा नाही. ते आमचं काम, म्हणाले. २० तारखेला एक्स-रे, मग ठरेल. सुटका, की आणखी हार्नेस, की ते तिसरं.

पट्टे सोडले. सईने पाय हलवलेच नाहीत, तसेच फाकलेले ठेवले. मग हळूच उजवा. मग थोडा डावा.

आंघोळ! आई टबात स्टुलावर, सई पायांवर, पण मांड्या दोन बाजूंना सोडलेल्या. बारा आठवड्यांचा मळ. सईने पाण्यावर हात आपटला आणि खदाखदा हसली. आईचा चष्मा भिजला, पुसलाच नाही तिने.

नर्स म्हणाली, आता मान सावरलीय, कडेवर घ्या, पाय दोन बाजूंना टाकून, खुब्याला ते उत्तम. आईला सांगितलं. "कडेवर? आणि हे सांगायला एवढं शिकावं लागलं?"

बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून असं काही ऐकलं.


१७ जुलै, शनि

उद्या आईचं विमान. एक्स-रे मंगळवारी. तिकीट पुढे ढकलू म्हटलं, व्हिसा संपतोय, आणि ती ऐकणारही नव्हती. बाबा सहा महिने हाताने भाकरी थापतायत.

शेवटची आंघोळ. मी वरून पाणी घालत होते. आईचा हात नेहमीसारखा फिरत खाली आला आणि डाव्या खुब्यावर थांबला. हलवलं नाही, दुमडलं नाही. नुसता ठेवला. सई मस्त सैल पडलेली, तोंडात मूठ. मी तांब्या धरून उभी.

पाणी गार व्हायला लागलं.

"आई?"

"पाणी घाल."

घातलं. पुसून, झबलं घालून, मीच पट्टे लावले. आई टबाच्या कडेला बसून राहिली, साडी अजून खोचलेलीच. मग म्हणाली, "माझ्या हाताला काही लागलं नाही."

मला रडू फुटणार तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं, त्या डॉक्टरचं धरलं होतं तसं.

"पण माझ्या हाताचं ऐकू नकोस. माझ्या हातानं तिला बांधलंबी होतं. फोटो बघितल्याशिवाय तिथून उठायचं नाही. त्यांनी नुसतं बरं आहे म्हटलं तरी उठायचं नाही. काय?"

हो म्हटलं.

नऊच्या नऊ दुपटी तिने बॅगेतून काढून माझ्या कपाटात ठेवली. म्हणाली, पसरायला होतील.


२० जुलै, मंगळ

साडेसहाला साताऱ्याहून फोन. "गेलीस का?"
आई, साडेदहाची वेळ आहे.
"मग आत्तापासून जाऊन बस."

एक्स-रे काढून झाला. सई टेबलावर गप्प होती, मी खोबरेल ब्लाउजमध्ये खोचून नेलं होतं, कान चोळत राहिले. आता बाहेर बसलोय. ती माझ्या मांडीवर, पट्टे सुटलेले, पाय मोकळे, दोन बाजूंना. प. गाडी लावून येतोय. आतल्या खोलीत डॉक्टर आमचा फोटो उजेडावर धरून उभे आहेत, दाराच्या काचेतून पाठ दिसते. हलत नाहीत.

आता वळले. दार उघडतायत. चेहऱ्यावरून काही कळत नाही.

"ऑल लुक्स..." म्हणायला लागलेत. म्हटलं, आधी मला फोटो दाखवा. जाते आत.